उमेदवारीचा अर्धा करार

2025 च्या जूनमध्ये, शाळा उघडून आठवडा झाला नसेल, आमच्या शाळेच्या सभागृहात एक व्याख्यान झाले. व्याख्याते पुण्याहून आले होते. मोठमोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांना ते 'नेतृत्व' शिकवतात, आणि आमच्या संस्थेच्या एका विश्वस्तांशी त्यांचा स्नेह असल्यामुळे आम्हां मास्तरमंडळींना तो लाभ फुकटात मिळाला. विषय होता, 'नव्या पिढीच्या कर्मचाऱ्यांना सोबत कसे घ्यावे'. दीड तासात वीज दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा ती येईपर्यंत व्याख्याते गप्प उभे राहिले. कारण पडद्यावरची अक्षरे नाहीशी झाली की त्यांचे विचारही नाहीसे होत. असो.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. 1997 च्या सुमारास आणि त्यानंतर जन्मलेली जी मुले आता नोकऱ्यांत आली आहेत त्यांना 'झेड पिढी' म्हणतात. ह्या पिढीला धीर नाही. तिला उठल्याबसल्या शाबासकी लागते. तिची निष्ठा संस्थेवर नसते, स्वतःवर असते, आणि म्हणून ती टिकत नाही. यावर उपाय काय? तर वाढदिवसाला केक कापावा, शुक्रवारी कौतुकाचे चार शब्द बोलावेत, आणि आपण त्यांचे साहेब नसून मित्र आहोत असे भासवावे. 'भासवावे' हा शब्द माझा नव्हे, त्यांचाच. पुढच्या रांगेत बसलेल्या आम्ही जुन्या मंडळींनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर आमचे चार तरुण सहकारी बसले होते. त्यांतल्या सर्वांत धाकट्या बाईंना हेडमास्तरांनी सकाळीच सांगून ठेवले होते की, व्याख्यानाचा अहवाल तुम्ही लिहा. धाकट्यांना कसे वागवावे याची टिपणे सर्वांत धाकट्या बाईच उतरवून घेत होत्या, आणि ह्यात काही विनोद आहे असे त्या सभागृहात कोणालाही वाटले नाही. मलाही नाही. मला ते घरी येऊन जेवायला बसल्यावर सुचले, आणि मग जेवण गोड लागेना.

मी मॅट्रिक झालेला माणूस आहे. त्यापुढे चित्रकला शिक्षकाची पदविका, एवढीच माझी विद्या. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. व्यवस्थापनशास्त्राचा मला गंध नाही. पण माणसांना अक्षरे चिकटवण्याचा धंदा मी वीस वर्षे जवळून पाहिला आहे. आमच्याकडे त्याला तुकड्या म्हणतात. गुणांच्या उतरंडीने मुले लावायची आणि अ, ब, क, ड अशी चार मडकी भरायची. चित्रकलेच्या मास्तराला चारही तुकड्यांवर तास असतात, म्हणून मला फरक दिसतो. 'ड' तुकडीच्या दारात शिकवणारा पाऊल टाकतो तोच दमलेला असतो. तो खुर्चीवर बसतो, मुलांना धडा वाचायला सांगतो, मुले अर्थातच गोंधळ घालतात, आणि शिक्षकखोलीत येऊन हा म्हणतो, "बघितलंत? ड तुकडी!" बैलाचा मागचा पाय गुडघ्यात कसा वाकतो हे आजवर मला 'अ' तुकडीतल्या कोणी बरोबर काढून दाखवलेले नाही. 'ड' तुकडीत दरवर्षी चारपाच जण निघतात. त्यांच्या घरी बैल असतात. तेव्हा कोणी एका अख्ख्या पिढीला एक अक्षर चिकटवले आणि तिचे दुर्गुण पाठ म्हणून दाखवले की मला त्या अक्षराविषयी काही कळत नाही. ते चिकटवणारा दारातच दमलेला आहे एवढे मात्र कळते. इंग्रजी मुळाक्षरे झेडपाशी संपली, म्हणून पुढच्या पिढीसाठी म्हणे ग्रीक मुळाक्षरे काढली आहेत. म्हणजे हा उद्योग लवकर थांबण्यातला नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. 'तरुण टिकत नाहीत.' ही तक्रार मी शिक्षकखोलीत ऐकतो, बँकेत ऐकतो, सहकारी पतपेढीच्या व्यवस्थापकाकडून ऐकतो, आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माझ्या वर्गमित्रांकडून तर प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. ती खरी आहे असे घटकाभर धरून चालू. पण टिकायचे ते कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारते का?

आपल्या भाषेत एक फार बोलका शब्द आहे : उमेदवारी. आज तो निवडणुकीपुरता उरला. एके काळी नोकरीच्या आशेने कचेरीत किंवा पेढीवर विनावेतन राबणाऱ्या मुलाला उमेदवार म्हणत. त्या शब्दात 'उमेद' आहे, आणि ती उगीच नाही. उमेदवारी हा एक करार होता. कागदावर नसला तरी दोन्ही पक्षांना ठाऊक असलेला. धाकट्याने आपली मेहनत स्वस्तात किंवा फुकट द्यायची, थोरल्याने त्याच्या बदल्यात आपले काम त्याला शिकवायचे. माझे म्हणणे इतकेच आहे की, ह्या करारातला पहिला अर्धा भाग आपण जपून ठेवला आणि दुसरा गिळून टाकला. स्वस्त मेहनत घ्यायची तर अजूनही घेतो. शिकवण्याचे तेवढे विसरलो. आणि मग उमेद गेली म्हणून उमेदवाराच्याच नावाने बोटे मोडतो.

हा दुसरा अर्धा भाग कसा असतो हे मी पाहिलेले आहे. मॅट्रिकची परीक्षा झाली त्या सुट्टीपासून पुढे दोन-अडीच वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका पेंटरकडे काम केले. फ्लेक्सचे फलक अजून यायचे होते. दुकानांच्या पाट्या हाताने रंगत. पहिले सहा महिने मी फक्त ब्रश रॉकेलमध्ये धुतले आणि पत्रे घासले. पैसे? सणाला नवा सदरा आणि अधूनमधून वडापाव. कोणी म्हणेल ही तर पिळवणूकच झाली. जरा थांबा. त्या सहा महिन्यांत पेंटरकाका पाटी लिहीत असताना मला शेजारी उभे करीत आणि लिहिता लिहिता बोलत. 'क' चे पोट आणि 'फ' चे पोट सारखे का दिसले पाहिजे, दुरून वाचायच्या पाटीत दोन अक्षरांमधली जागा जवळून वाचायच्या पाटीपेक्षा मोकळी का ठेवायची, पिवळ्यावर पांढरे का मरते. मग खडूची सुतळी मारून रेघा आखायला दिल्या. मग त्यांनी आखलेले अक्षर आतून भरायला दिले. मग छाया. एकदा एका गुळाच्या अडत्याच्या पाटीवर माझा हात हलला आणि वेलांटी ओघळली. अडत्या तिथेच उभा होता. तो तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "ती माझी चुकली शेट. पुसून देतो." माझ्याकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. रात्री पत्र्यावर त्यांनी माझ्याकडून दीडशे वेलांट्या काढून घेतल्या ती गोष्ट वेगळी.

आणि दीड वर्षाने, एका सायकल दुकानाची पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकट्याने लिहिली, तेव्हा खालच्या कोपऱ्यात ते स्वतःचे नाव टाकीत तिथे मी सवयीने त्यांचे नाव टाकायला लागलो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "अक्षर तुझं ना लेका? मग नाव कुणाचं?"

काम दाखवणे, चुकीला स्वतः पुढे होणे आणि श्रेय ज्याचे त्याला देणे. पेंटरकाका चौथी शिकलेले होते. त्यांना नेतृत्व हा शब्द ठाऊक नसावा.

आता माझ्यावर ठरलेला आरोप येईल की, मास्तर जुन्या काळाचे गोडवे गातात. तो मला मान्य नाही. जुन्या काळात सगळेच पेंटरकाका नव्हते. मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर आठवा. गावाकडून आलेल्या पोराला कामावर घेणे, काढणे, रजा देणे सारे त्याच्या हाती. आणि त्याबद्दल तो दस्तुरी खाई. 1929 साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने 1931 च्या आपल्या अहवालात ह्या लाचखोरीवर स्पष्ट ठपका ठेवला आहे. पोराला बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. ह्या जुलमाचे समर्थन करण्याइतका मी मूर्ख नाही. पण त्या अंधारातसुद्धा एक गोष्ट होती. आत शिरलेला पोरगा आपल्या मामाच्या, चुलत्याच्या, गाववाल्याच्या मागावर त्याच्या शेजारी उभा राही, आणि तुटलेला धागा कसा सांधायचा हे त्या हाताकडे पाहून शिके. आजच्या कचेरीत दस्तुरी नाही हे चांगलेच झाले. तो शेजारचा हातही नाही.

आपल्या कायद्याला सुद्धा हे कळले होते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अकरावे कलम मालकाच्या कर्तव्यांचे आहे आणि बारावे उमेदवाराच्या. शिकवण्याचे कर्तव्य आधी, शिकण्याचे मागाहून. हा क्रम लिहिणाऱ्याने मुद्दाम ठेवला की आपोआप पडला ते सांगता येणार नाही. मला तो बरोबर वाटतो.

आता आमच्या स्वतःच्या घरात डोकावू. 2000 साली महाराष्ट्र शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे पगारावर नव्हे, मानधनावर काम करायचे. नावही कसे सोज्वळ : सेवक! हे मानधन बरीच वर्षे प्राथमिकला 6000, माध्यमिकला 8000 आणि उच्च माध्यमिकला 9000 रुपये होते. 2023 पासून ते अनुक्रमे 16000, 18000 आणि 20000 झाले. आणि ही तीन वर्षे सुरू होण्याआधीचा काळ कोणी मोजत नाही. शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी 2017 च्या डिसेंबरात झाली. त्यानंतरची एकदम 2023 च्या फेब्रुवारी-मार्चात. मधल्या पाच वर्षांत पदव्या घेऊन बसलेल्यांनी काय करायचे होते? कोणी खासगी क्लासात शिकवले, कोणी शेती केली, कोणी मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवले.

अर्थात मानधनाचा प्रश्न शासनाचा आहे, आमचा नाही, असे म्हणून आम्हांला सुटता येते. ठीक. पण शिकवण्याचा प्रश्न कोणाचा? नवा शिक्षक रुजू होतो त्या दिवशी शाळेत त्याला काय मिळते ते ऐका. 'ड' तुकडी. सगळे बदली तास. ऑनलाइन माहिती भरण्याचे काम, कारण 'तुम्हां पोरांना मोबाइलचं कळतं'. पोषण आहाराच्या नोंदी. स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन. जे जे आम्हांला नको ते ते त्याला. आणि जे त्याला हवे, म्हणजे चाळीस मुलांसमोर पहिल्या दिवशी उभे राहिल्यावर छातीत धडधडते ते कसे आवरायचे, मागच्या बाकावरचा तो एक मुलगा कसा आपलासा करायचा, शिकवलेले कळले की नाही हे चेहऱ्यावरून कसे वाचायचे, ते त्याला कोणीही सांगत नाही. हेडमास्तर वर्षातून एकदोनदा त्याचा पाठ पाहतात आणि लॉगबुकात लिहितात : 'फलकलेखन सुधारावे.' आमच्या परिचयाच्या एका शाळेत पटसंख्येचा आकडा संगणकावर चुकीचा भरला गेला. वरून विचारणा आली. कारणे दाखवा नोटीस कोणाला? आकडा टंकणाऱ्या सेवकाला. त्याला तो तक्ता कोणी समजावून दिला होता का, हे विचारणारे कलम त्या नोटिशीत नव्हते. 'ती माझी चुकली शेट' म्हणणारा तिथे कोणी नव्हता.

हे मास्तरांचेच दुखणे आहे असे समजू नये. माझा एक विद्यार्थी हिंजवडीला एका मोठ्या संगणक कंपनीत लागला. तो दिवाळीत भेटायला आला तेव्हा मी त्याला आमच्या व्याख्यात्यांचे सारे विचार ऐकवले. तो हसला. म्हणाला, "सर, दादा 2012 ला लागला तेव्हा वर्षाला जेवढे मिळत होते ना, जवळजवळ तेवढेच मला 2023 ला मिळाले. ते जाऊ द्या. पहिले पाच महिने नुसतं बसवून ठेवलं. मग काम दिलं, तर शिकवायला कोणी नाही. वरच्याला विचारलं तर म्हणतो यूट्यूबवर बघ. चौदा महिन्यांत तीन वरचे बदलले. तिसऱ्याला माझं नाव नीट येत नव्हतं. मी सोडली तेव्हा त्यानं मला विचारलं, तू आनंदी नव्हतास का?" वाढदिवसाचा केक मात्र मिळाला होता. अंड्याचा होता, आणि हा माळकरी घरातला.

आणि अशा मुलांना वडीलधाऱ्यांकडून उपदेश कोणता मिळतो? 2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले की, देशासाठी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे बोलणे बाहेर आले. त्यांना 90 तास हवे होते, रविवारही हवे होते, आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार असा त्यांचा सवाल होता. ज्या मुंबईत ह्या कंपनीचे मुख्यालय आहे त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणीकामगारांना एकत्र करून रविवारच्या सुटीसाठी झगडा दिला आणि 1890 साली ती मिळवली. स्वतंत्र भारताने 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. ह्या दोन्ही थोर उद्योजकांचे कर्तृत्व मी नाकारीत नाही. त्यांनी उभे केले ते मला सात जन्मांत जमणार नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक शब्द मी शोधला आणि तो सापडला नाही. ह्या 70 किंवा 90 तासांतले किती तास वरचा माणूस खालच्याच्या शेजारी बसणार आहे? कराराचा पहिला अर्धा भाग दुप्पट करून मागायचा आणि दुसऱ्याचा उच्चारही करायचा नाही, याला देशसेवा म्हणावे असे मला वाटत नाही.

"आम्हांला तरी कोणी शिकवलं होतं?" असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणाले. हे सासूचे तर्कशास्त्र आहे. मला जाच झाला, मी तो सोसला, आता सून सोसेल. आपल्या घरांतून हे तर्कशास्त्र हळूहळू हद्दपार होत आले, तर त्याने कचेरीत बिऱ्हाड केलेले दिसते.

तरुण सगळे गुणाचे पुतळे आहेत असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. आमच्याकडचे एक महाशय पाठाचे टाचण मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धीकडून लिहवून आणतात आणि स्वतः वाचतही नाहीत. एकदा त्यात सह्याद्रीच्या कुठल्याशा घाटावर बर्फ पडला होता. मी रागावलो. नंतर सहज माझे स्वतःचे टाचण उघडले. गेली सहा वर्षे मी तारखा बदलून तेच उतरवीत आलो आहे. मग माझा राग निवला म्हणा, किंवा लाजला म्हणा. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे आहे. 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा मोबाइलवर तास कसा घ्यायचा, फळा कसा दाखवायचा, बोलताना आवाज बंद तर राहिला नाही ना हे कसे पाहायचे, हे सगळे आम्हां पन्नाशीकडे झुकलेल्या लोकांना कोणी शिकवले? ह्याच न टिकणाऱ्या पोरांनी. शेजारी बसून, तेच तेच चारचारदा सांगून. त्यांपैकी कोणीही आम्हांला यूट्यूबवर बघा म्हणाले नाही.

त्यांतलाच एक आता आमच्याकडे नाही. त्याची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, आणि ती न सांगता लेख संपवण्याचा मोह मला दोन दिवस झालेला आहे.

तो 2019 साली आला, इतिहासाचा शिक्षक म्हणून, 8000 रुपये मानधनावर. त्याला मिळाली अर्थातच 'ड' तुकडी. त्याने त्या मुलांना गावातल्या जुन्या विहिरी शोधायला लावल्या. कोणी बांधली, कधी बांधली, पाणी कोणाला भरू देत आणि कोणाला नाही, मोट कुठे होती, आता तिथे काय आहे. मुले म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारू लागली. चित्रांसाठी तो माझ्याकडे आला. मी मुलांना पायऱ्यांचा छायाप्रकाश काढायला शिकवला. माझा हिस्सा एवढाच. मग नवोपक्रम स्पर्धेचे पत्रक आले. प्रस्ताव पाठवायचा ठरला तेव्हा शिक्षकखोलीत कोणीतरी म्हणाले की, ह्याला अजून वर्षही झालेले नाही, ज्येष्ठ माणसाच्या नावाने गेले तर वजन पडेल. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "माझं काही नाही सर, तुमच्या नावानं पाठवा." आणि मी पाठवले. नियमात तसे करण्याची काही सक्ती नव्हती. जिल्ह्यात बक्षीस आले. शाल मी घेतली. भाषणात 'आमच्या तरुण सहकाऱ्यांचे मोलाचे सहकार्य' असे म्हणायला मी विसरलो नाही.

2021 साली तो पुण्याला एका स्पर्धापरीक्षेच्या अकादमीत गेला. तीन वर्षेही पुरी केली नाहीत. शिक्षकखोलीत चहा पिताना मी म्हटले, "टिकत नाहीत हो ही पोरं."

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातून ती प्रस्तावाची फाइल मागून घेतली. कारकुनाने विचारले, "आता काय करायचंय तिचं?" मी म्हटले, बघायची आहे. संध्याकाळी त्याला फोन लावला. काय बोलायचे ते मी मनात जुळवले होते. पण त्यानेच आधी माझ्या तब्येतीची, 'ड' तुकडीची, कोण कोण पास झाले ह्याची चौकशी केली, आणि मी मुद्द्यावर येणार तोच म्हणाला, "सर, त्या विहिरींचे फोटो तुमच्याकडे आहेत का हो? माझा मोबाइल बदलला, त्यात गेले सगळे. इथल्या पोरांना दाखवायचे होते."

फाइलीत सतरा फोटो चिकटवलेले आहेत. पुठ्ठ्यावर उपक्रमाचे नाव आहे आणि खाली सादरकर्त्याचे. अक्षर उत्तम आहे; ते मीच काढले होते, दोन रात्री बसून, सोनेरी रंगात, काकांनी शिकवली तशी छाया देऊन. मी सतराही फोटोंचे फोटो काढून त्याला पाठवले. पुठ्ठ्याचा पाठवला नाही.